घाटकोपरचा स्पेक्ट्रम, सीप्झवाली मामी आणि डेडस्टॉक रजिस्टर

पोस्ट लांबलचक आहे. सवडीने वाचा.

नोव्हेंबरात एका शाळेत गेलो होतो. आमच्याच तालुक्यातली. नाव लिहीत नाही, कारण ज्या सरांनी मला हे सांगितलं त्यांना अजून तिथेच नोकरी करायची आहे. संगणक कक्षात अकरा कॉम्प्युटर, वय दहा-बारा वर्षं. त्यांच्या निर्लेखनाचा प्रस्ताव वर गेलाय. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला, विंडोज ११ या मशीनवर अधिकृतपणे चढत नाही, म्हणून सगळे 'कालबाह्य'. नवे कधी येणार, याचं उत्तर कुणाकडे नाही.

कोपऱ्यातल्या मशीनसमोर आठवीतली एक मुलगी बसली होती. तिला दिसत नाही. कॉम्प्युटरवर एनव्हीडीए नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आहे. मायकल करन आणि जेम्स टेह या दोन अंध ऑस्ट्रेलियन प्रोग्रामरनी २००६ पासून ते उभं केलं. स्क्रीनवर जे असेल ते ते वाचून दाखवतं, मराठीतसुद्धा. उच्चार जरा परदेशी पाहुण्यासारखे आहेत, पण मुलीला सवय झालीय. आपल्यासाठी जो पडदा, तो तिच्यासाठी हेडफोन.

या मशीनचा मदरबोर्डवरचा आवाज दोन वर्षांपूर्वी गेला. सरांनी खिशातले दोन-तीनशे रुपये घालून यूएसबीचं साउंड अडॅप्टर आणून लावलं, बोटाच्या पेराएवढं. वर्ष-सव्वा वर्ष उत्तम चाललं. मग तपासणी आली. साहेबांनी विचारलं, "हे काय लावलंय? डेडस्टॉकला नोंद आहे का?" नोंद नव्हती. 'अनधिकृत जोडणी' असा शेरा बसला. अडॅप्टर निघालं आणि कपाटात गेलं.

मी गेलो तेव्हा ती मुलगी बंद आवाजाच्या कॉम्प्युटरवर मराठी टायपिंगचा सराव करत होती. काय उमटतंय ते तिला कळत नव्हतं. बाजूची मैत्रीण मधूनमधून सांगत होती.

बातमी दिली. आतल्या पानावर दोन कॉलम आली. पण बातमीत जे मावलं नाही ते इथे लिहितोय. जुन्या कॉम्प्युटरला बाहेरून आवाज जोडणं ही गोष्ट मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली ती १९९१ च्या मे महिन्यात, घाटकोपरला.

पंतनगरला हाऊसिंग बोर्डाच्या इमारतीत मामा राहायचा. कोकणातल्या प्रत्येक घरात एक मुंबईचा मामा असतोच, तसा हा. एका खासगी कंपनीत कारकून, पण जीव सगळा इलेक्ट्रॉनिक्समध्ये. रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचा कोर्स केलेला. दिल्लीहून निघणारं 'इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू' आणि 'एलेक्टर'ची भारतीय आवृत्ती, या दोन मासिकांचे गठ्ठे पलंगाखाली. आणि त्या वर्षी घरात एक नवा मेंबर होता: सेकंडहँड 'डीबी स्पेक्ट्रम प्लस'.

हे नाव आज फारसं कुणाला आठवत नाही, म्हणून थोडं सांगतो. ब्रिटनच्या सर क्लाइव्ह सिंक्लेअर यांनी एप्रिल १९८२ मध्ये झेडएक्स स्पेक्ट्रम नावाचा छोटा घरगुती कॉम्प्युटर बाजारात आणला. ४८ केबीच्या मॉडेलची किंमत १७५ पौंड. मॉनिटर लागत नव्हता, टीव्हीला जोडायचा. फ्लॉपी नाही, प्रोग्राम कॅसेटवर. टेपरेकॉर्डर लावायचा, तो किर्रर्र किंचाळायचा, पाच मिनिटांनी गेम सुरू. नाही सुरू झाला तर कॅसेट मागे फिरवून पुन्हा. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने त्याचंच प्लस मॉडेल परवाना घेऊन इथे काढलं. ते 'डीबी' म्हणजे डेसिबेल. गंमत अशी की नावातच डेसिबेल असलेल्या या यंत्राला आवाज मात्र जवळपास नव्हता.

का नव्हता, ते समजून घेण्यासारखं आहे. स्पेक्ट्रमच्या आत एक छोटा स्पीकर होता आणि तो प्रोसेसरच्या एका बिटला जोडलेला. बिट १ केला की स्पीकरचा पडदा पुढे, ० केला की मागे. सेकंदाला ४४० वेळा हे पुढे-मागे केलं की पेटीच्या पांढरी सहाचा सूर मिळतो. पण हे पुढे-मागे करणार कोण? तो बिचारा झेड८० प्रोसेसर, ३.५ मेगाहर्ट्झचा. सूर वाजत असेपर्यंत त्याला दुसरं काही करता येत नाही. म्हणजे घरात एकच माणूस, त्यानेच स्वयंपाक करायचा आणि त्यानेच दारात उभं राहून पिपाणी वाजवायची. पिपाणी वाजते तोवर चूल थंड. गेममध्ये संगीत सुरू झालं की चित्र थांबायचं, चित्र हललं की संगीत बंद. परदेशातल्या हुशार पोरांनी यातूनही दोन-दोन सूर एकदम काढायच्या युक्त्या शोधल्या, तो वेगळा विषय.

यावरचा उपाय जुनाच होता. जनरल इन्स्ट्रुमेंट या अमेरिकन कंपनीने १९७८ च्या सुमारास एवाय-३-८९१० नावाची चिप काढली होती. तीन स्वतंत्र सूर, एक खरखरीचा आवाज (ढोल, स्फोट, पाऊस यासाठी), आणि सूर हळूहळू विरत नेण्याची सोय. प्रोसेसरने फक्त सांगायचं, 'हा सूर, एवढा मोठा', आणि आपल्या कामाला लागायचं. वाजवत राहणं हे चिपचं काम. ४० पायांची ८९१०, २८ पायांची तिची धाकटी बहीण ८९१२. सिंक्लेअरलाही पुढे हे पटलं. १९८५ च्या शेवटी स्पेनमध्ये आणि १९८६ च्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये आलेल्या स्पेक्ट्रम १२८ मध्ये ही ८९१२ बसवलेली होती. ज्यांच्याकडे जुना ४८ केबीचा होता ते राहिले मुके. मग तिकडे पाठीमागच्या पट्टीला लावायचे तयार डबे विकायला आले. चेकोस्लोव्हाकियात, जिथे परदेशी माल आपल्याइतकाच दुर्मिळ होता, तिथल्या डिडॅक्टिक या उत्पादकाने 'मेलोडिक' नावाचा असा डबा काढला. पुढे रशियात तर लोकांनी घरोघरी स्पेक्ट्रमच्या नकला बनवल्या आणि त्यात हीच चिप बसवली.

आणि घाटकोपरला?

इथे मला मामीबद्दल सांगायचंय. मामी सीप्झमध्ये कामाला होती. सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक्स एक्स्पोर्ट प्रोसेसिंग झोन. नावात सांताक्रूझ असलं तरी आहे अंधेरी पूर्वेला, मरोळच्या अंगाला. १९७३ मध्ये सुरू झाला, इलेक्ट्रॉनिक्सच्या निर्यातीसाठी. आत जोडणीच्या टेबलांवर मुख्यतः तरुण मुली. त्यांची बोटं नाजूक असतात, बारीक काम नीट करतात, असं मालक लोक म्हणायचे. त्या कमी पगारात येतात आणि युनियन करत नाहीत हे मोठ्याने म्हणायचे नाहीत. मामी पंतनगरहून बसने जायची, असल्फा, साकीनाका, मरोळ. आज त्याच रस्त्यावरून मेट्रो जाते. तेव्हा पावसाळ्यात दीड-दोन तास कुठे गेले नाहीत.

आठ तास भिंगाखाली सर्किट बोर्ड आणि हातात सोल्डरिंग गन. बोर्ड तयार झाला की खोक्यात, खोकं विमानतळावर, तिथून परदेशात. सीप्झचा माल निर्यातीसाठी. कस्टम्सच्या दृष्टीने ते कुंपण म्हणजे देशाची हद्द. आत येणाऱ्या सुट्या भागांवर शुल्क नाही, पण तोच भाग कुंपणाबाहेर आणायचा तर तो परदेशातून आल्यासारखा. गेटवर झडती व्हायची. मामी सांगायची, एकीच्या डब्यात चुकून एक रेझिस्टर सापडला, दहा पैशांचा, तर तिला दिवसभर ऑफिसबाहेर उभं केलं.

आता बघा. अंधेरीत रोज हजारो चिप्स मामीच्या आणि तिच्यासारख्या बायकांच्या हाताखालून जात होत्या. आणि तिथून सात-आठ किलोमीटरवर, घाटकोपरला, तिच्याच नवऱ्याला एक चिप मिळत नव्हती. मामा घाटकोपरहून दादर, दादरला गाडी बदलून ग्रँट रोड, असा लॅमिंग्टन रोडला तीन शनिवार गेला. एका दुकानदाराने सांगितलेला भाव ऐकून परत आला. विदेशी चलनाचा दुष्काळ, त्यावर आयातीचं शुल्क, त्यावर दुकानदाराचा नफा. नोव्हेंबर १९८४ मध्ये राजीव गांधी सरकारने नवं संगणक धोरण आणलं, शुल्क उतरवलं, परवाने सैल केले, हे सगळं खरं. त्याने कंपन्यांना कॉम्प्युटर मिळाले. एकट्या माणसाला एकटी चिप मिळणं सोपं झालं नाही.

शाळांचंही सांगून टाकतो, कारण पुढे संबंध येतो. त्याच काळात, १९८४-८५ ला, केंद्राने 'क्लास' नावाचा प्रकल्प काढला. शाळांत कॉम्प्युटर साक्षरता. पहिल्या फेरीत सुमारे २५० शाळा आणि मशीन ब्रिटनचं: बीबीसी मायक्रो. मोहालीच्या सरकारी सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्सने हेच मशीन 'युनिकॉर्न' नावाने इथेही बनवलं. या बीबीसी मायक्रोमध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची आवाजाची चिप मुळातच होती, तीन सूर आणि एक खरखर. म्हणजे निवडक शाळांतलं सरकारी यंत्र गाऊ शकत होतं. त्याच्यावर किती मुलांना गाणं वाजवू दिलं, हे त्या वेळच्या विद्यार्थ्यांनी सांगावं. मला भेटलेल्या दोघांना आठवतात ते चपला बाहेर काढायचे नियम आणि यंत्रावरचं प्लास्टिकचं आवरण. ('युनिकॉर्न'वाल्या त्या कारखान्याला फेब्रुवारी १९८९ मध्ये आग लागली आणि चिप बनवण्याचं भारताचं स्वप्न कित्येक वर्षं मागे गेलं. आज सेमीकंडक्टरच्या घोषणा ऐकताना ती आग कुणी आठवत नाही.)

तर मामाला चिप मिळाली ती साकीनाक्याच्या भंगारात.

मुंबईच्या उपनगरांत तेव्हा स्टेशनाबाहेर व्हिडिओ गेम पार्लर होती. अंधारी खोली, चार-पाच कपाटं, रुपयाचं टोकन, आणि घरी कळलं तर मार. त्या कपाटांच्या पोटात जे बोर्ड असायचे त्यातल्या बऱ्याच बोर्डांवर आवाजासाठी हीच ८९१० होती. रस्ता ओलांडणाऱ्या बेडकाच्या खेळात एक. 'गायरस' नावाच्या १९८३ च्या खेळात तर पाच. पार्लर बंद पडलं की कपाटाचं लाकूड एकीकडे जायचं, पिक्चर ट्यूब दुसरीकडे आणि बोर्ड किलोच्या भावाने भंगारात. मामाने असा एक जळका बोर्ड आणला. एका बाजूने काळा झालेला. पण त्यावरची ४० पायांची काळी पट्टी शाबूत दिसत होती.

चाळीस पाय असलेली चिप बोर्डावरून न मोडता काढणं हे किती अवघड असतं ते केलेल्यालाच कळतं. जास्त तापली तर आतून मरते, कमी तापवून ओढली तर पाय तुटतो. मामाने गन हातात घेतली. मामी स्वयंपाक सोडून आली आणि म्हणाली, "अहो, ठेवा ते. मी करते." तिने एकेक पाय तापवून सकरने कथिल ओढून घेतलं, दर चार-पाच पायांनंतर थांबली, चिपवर बोट ठेवून गरम किती झाली ते पाहिलं. अर्ध्या तासाने चिप अलगद उचलून पोळपाटावर ठेवली. एक पाय वाकडा नाही. मामा मासिकं वाचणारा, आकृत्या काढणारा, हात मामीचे. त्या घरात तोपर्यंत कुणाच्या हे लक्षात आलं नव्हतं, बहुधा मामाच्याही नाही.

जोडणी मोठी नव्हती. एक झीरो पीसीबी, त्यावर आयसी बेस, त्यात ८९१०. स्पेक्ट्रमच्या पाठीमागे उघडी पट्टी असते, तिथे प्रोसेसरच्या सगळ्या तारा बाहेर येतात. त्या मापाचा कनेक्टर मिळाला नाही, म्हणून मोठा आणून हॅकसॉने कापला. चिपला स्वतःचं घड्याळ लागतं, स्पेक्ट्रमच्या ३.५ मेगाहर्ट्झला ७४७४ नावाच्या फ्लिप-फ्लॉपने दोनने भागलं की १.७५ मेगाहर्ट्झ. पत्त्याच्या तीन तारा पाहून 'हा निरोप चिपसाठी आहे की दुसऱ्यासाठी' हे ठरवायला दोन-तीन साधे गेट. तीन सुरांचे तीन पाय रेझिस्टरमधून एकत्र करून एलएम३८६ च्या छोट्या ॲम्प्लिफायरला, तिथून जुन्या ट्रान्झिस्टरच्या स्पीकरला. पत्ते मामाने मुद्दाम स्पेक्ट्रम १२८ चेच ठेवले: ६५५३३ वर आतला कुठला खण ते सांगायचं, ४९१४९ वर त्या खणात काय भरायचं ते. ब्रिटनमधल्या एका आधीच्या डब्याने स्वतःचे वेगळे पत्ते घेतले होते, मग १२८ साठी लिहिलेली गाणी त्याच्यावर वाजेनात. दुसऱ्याच्या गावात घर बांधलं तरी टपालाचा पत्ता सगळ्यांना माहीत असलेला हवा, असं मामा म्हणाला होता.

पहिल्या दिवशी काहीच वाजलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

तिसरा दिवस २२ मे. आदल्या रात्री श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधींची हत्या झाली होती. सकाळी रेडिओवर फक्त शोकसंगीत. दुकानं बंद, रस्ते ओस. मामाचं ऑफिस बंद, मामी सीप्झला गेली नाही. खिडकीतून एरवी दिसणारी रांग नाही, बस नाही. मोठी माणसं कुजबुजत होती, दंगल होईल का, दूध येईल का. मी दहा वर्षांचा. मला एवढंच कळत होतं की सगळे घरी आहेत.

दुपारी मामा पुन्हा बोर्ड घेऊन बसला, करायला दुसरं काही नव्हतं म्हणून. दोन चुका निघाल्या. पहिली त्याची. चिपचा सातवा खण म्हणजे कुठला सूर चालू, कुठला बंद, याची यादी. मामा चालूला १ लिहीत होता. पण त्या खणात उलटं आहे: ० म्हणजे चालू, १ म्हणजे बंद. पहिला सूर चालू आणि बाकी सगळं बंद यासाठी आकडा ६२. दुसरी चूक मामीने शोधली. तिने शिलाई मशीनच्या पेटीतलं भिंग घेतलं, बोर्ड उजेडाकडे तिरका धरला आणि फ्लिप-फ्लॉपच्या एका पायावर नख ठेवलं. "हे ड्राय आहे. चमक नाही बघा त्याला." तो टाका मामाने घातलेला होता. चिपपर्यंत घड्याळच पोचत नव्हतं. मामीने तो पुन्हा घातला.

मामाने शून्य क्रमांकाच्या खणात २४९ भरले. १.७५ मेगाहर्ट्झला १६ ने भागायचं आणि मग २४९ ने, म्हणजे साधारण ४४० येतात, पांढरी सहा. मग आठव्या खणात १५, म्हणजे पूर्ण आवाज. एंटर.

आणि पंतनगरच्या त्या शांत दुपारी एक सरळ, पोकळ, न थांबणारा सूर निघाला. पिपाणीसारखा, पण श्वास न घेणारा. कॉम्प्युटर मोकळा होता, पडद्यावर कर्सर लुकलुकत होता आणि सूर चालूच. मी टाळ्या वाजवल्या. दोन मिनिटांत दार वाजलं. शेजारचे काका. "अहो, आजच्या दिवशी तरी?" मामा घाबरून बंद करायला गेला तर बंदचा आकडा आठवेना. शेवटी मामीने वायर उपसली.

इतिहासाच्या पुस्तकात त्या दिवसाबद्दल जे लिहिलंय ते बरोबरच आहे. देशात कॉम्प्युटर आणणारा म्हणून ज्याचं नाव घेतात तो माणूस आदल्या रात्री गेला होता. माझ्या डोक्यात मात्र तो दिवस ४४० चा सूर आणि काकांचा चेहरा असा बसलाय.

मग जुलैत रुपयाचं दोनदा अवमूल्यन झालं, रिझर्व्ह बँकेने सुमारे ४७ टन सोनं परदेशात तारण ठेवलं, २४ जुलैला मनमोहन सिंगांचा अर्थसंकल्प आला. आम्ही तेव्हा गावी परतलो होतो. मामाचं पत्र आलं सप्टेंबरात. त्याने इमारतीच्या गणपतीसमोर स्पेक्ट्रम लावला होता. ८९१० चे जे जास्तीचे पाय असतात ते आवाजाचे नाहीत, तर बाहेरच्या वस्तू चालू-बंद करायच्या सोळा तारा आहेत. २८ पायांच्या बहिणीत त्या आठच. मामाने त्या तारांना रिले लावून रंगीत दिव्यांच्या माळा जोडल्या. सातव्या खणातला आकडा ६२ चा २५४ केला आणि आरतीच्या चालीवर दिवे नाचवले. खाली लिहिलं होतं, 'सोल्डरिंग: तुझी मामी.' मंडळाच्या फलकावरही तसंच लिहायचं त्याने सुचवलं होतं. मंडळाने 'विद्युत रोषणाई' म्हणून मामाचंच नाव लावलं.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. ती चिप लावून मामाकडच्या जुन्या कॅसेटमधले गेम काही गाऊ लागले नाहीत. ते ४८ केबीसाठी लिहिलेले. त्यांना चिप आहे हेच ठाऊक नव्हतं. यंत्राला कंठ दिला तरी ज्याने गाणं लिहिलं नाही त्याचं गाणं येणार कुठून? मामाला स्वतःच लिहावं लागलं. पेटीचे सूर बोटांवर, सुरांचे आकडे वहीत. मींड मात्र जमली नाही. आकडा एकेक पायरीने बदलतो आणि वरच्या पट्टीत त्या पायऱ्या कानाला टोचतात. चौकोनी लहरीत आपलं गाणं बसत नाही, हे त्याने मान्य केलं होतं.

पुढची गोष्ट वेगाने झाली. आयबीएम पीसीलाही जन्मतः फक्त 'बीप' येत होता. १९८७ ला कॅनडातल्या क्वेबेकहून ॲडलिब कार्ड आलं, यामाहाच्या चिपवर नऊ सुरांचं. १९८९ ला सिंगापूरच्या क्रिएटिव्हने साउंड ब्लास्टर काढलं. ते फक्त सूर नाही, खरा बोललेला आवाजही वाजवायचं. मामाने २८६ घेतला तेव्हा साउंड ब्लास्टर परवडणारं नव्हतंच. त्याने प्रिंटरच्या पोर्टला रेझिस्टरची शिडी लावली, परदेशात 'कोव्हॉक्स' नावाने जी युक्ती विकायला होती तीच. वीस-पंचवीस रेझिस्टर, झालं. त्यातून आलेला पहिला माणसाचा आवाज मी ऐकलाय. विहिरीच्या तळातून कुणीतरी बोलावं तसा.

१९९७ मध्ये भारत माहिती तंत्रज्ञान करारात सामील झाला, आणि कॉम्प्युटर व सुट्या भागांवरचं आयात शुल्क टप्प्याटप्प्याने २००५ पर्यंत शून्यावर आलं. त्याच १९९७ ला इंटेलने एसी'९७ हे मानक आणलं आणि आवाज मदरबोर्डवरच आला, जवळपास फुकट. साउंड कार्ड विकत घ्यायची वस्तूच राहिली नाही. चिप मिळत नाही ही अडचण संपली. मामीची कंपनीही त्याच सुमारास बंद झाली. हिशेबाचे पैसे चार हप्त्यांत द्यायचं ठरलं होतं, दोन मिळाले. तिच्या हातातल्या कौशल्याला कुंपणाबाहेर नावच नव्हतं. पुढे ती घरी ब्लाउज शिवायची. पदविकेनंतर मी पहिली नोकरी शोधत मुंबईत आलो तेव्हा तिने माझा रेकॉर्डर दुरुस्त करून दिला, शिलाईच्या मशीनवरच.

हे सगळं आठवायचं कारण ते पेराएवढं अडॅप्टर. ते उघडलंत तर आत एकच काम करणारी चिप आहे, आकड्यांचं आवाजात रूपांतर. प्रोसेसर मोकळा, गाणं चिपचं. ८९१० चीच पणती म्हणा. १९९१ ला आमच्या घरी अशी वस्तू मिळवायला तीन शनिवार आणि एक भंगाराचा बोर्ड लागला. आज तालुक्याच्या मोबाइलच्या दुकानात मिळते. तेव्हा कस्टम्सचं कुंपण होतं. आता रजिस्टरचा रकाना आहे.

मी त्या कार्यालयात गेलो. साहेब वाईट माणूस नाहीत, हे लिहायला हवं. ते म्हणाले, "उद्या काही जळलं तर जबाबदार कोण?" यूएसबीच्या अडॅप्टरने काही जळत नाही, हे मी सांगितलं. ते म्हणाले, "तुम्ही लिहून देता का?" मी पत्रकार, मी कशाला लिहून देऊ. मग मी विचारलं, दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा आहे, त्यात शिकणाऱ्या मुलाला त्याच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय करून द्यायची असं लिहिलंय, ती सोय कोण देणार? ते म्हणाले, त्यासाठी वेगळं शीर्ष आहे, मागणी पाठवा. मागणी दीड वर्षापूर्वी पाठवलेली आहे. त्याची पोच सरांनी मला दाखवली.

दिल्लीत डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर'चं पोर्टल सुरू झालं. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, त्यात वस्तू दुरुस्त करून पुन्हा वापरात आणणाऱ्याला अधिकृत जागा आहे. कागदावर सगळं आहे. फक्त डेडस्टॉक रजिस्टरला हे माहीत नाही. त्या रजिस्टरात वस्तू एकतर येते किंवा निर्लेखित होते. मध्ये कुणीतरी तिला एक टाका घातला, एक चिप जोडली, म्हणून ती आणखी पाच वर्षं चालली, यासाठी तिथे रकाना नाही. आणि ते अकरा कॉम्प्युटर चालू आहेत हो. त्यांच्यावर लिनक्स चढतं. लिनक्समध्ये अंधांसाठी 'ऑर्का' आहे. हे मी सरांनाही सांगितलं. ते म्हणाले, "तेही अनधिकृत ठरेल."

मामाला जाऊन सहा वर्षं झाली. मामी आता मुलुंडला मामेभावाकडे असते. तिला परवा फोनवर हे सगळं सांगितलं. तिने एकच विचारलं, "पोरीच्या मशीनचा आवाज मुळात गेला कशाने? चिप गेली की नुसता जॅकचा टाका सुटलाय?"

हे मी विचारलंच नव्हतं. सरांनीही पाहिलं नव्हतं, कारण कॅबिनेट उघडायला परवानगी नाही. तिथे सील आहे.

"टाका सुटला असेल तर बाहेरून काही लावायलाच नको," मामी म्हणाली. "दोन मिनिटांचं काम आहे."

सोमवारी मी शाळेत जातोय. बरोबर भिंग नेणार आहे. कॅबिनेट उघडायची लेखी परवानगी मागणारा अर्ज सरांनी शुक्रवारी दिलाय, आवक क्रमांक मिळालाय. मामीने नजर अजून बरी असल्याचं सांगितलंय आणि कोकणकन्येचं तिकीट कधीचं काढू, असं विचारलंय.